जिथं बोट लावायचं नव्हतं

अकोल्याच्या कौलखेड भागात राहणाऱ्या प्रीतम शिरसाटला सहाव्या वर्षापासून दिसत नाही. गोवराचा ताप डोळ्यांवर उतरला आणि दृष्टी घेऊन गेला. आज तो चौतिशीचा आहे, एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर बसतो. पण वऱ्हाडातली अंध मुलं त्याला ओळखतात ती वेगळ्याच कारणानं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं तो ओळखीच्या लोकांकडून वाचून घेतो, ते वाचन घरच्या कॉम्प्युटरवर साफ करतो आणि या मुलांना पाठवतो. साफ करतो म्हणजे वाचणाऱ्याचा खोकला, शेजारच्या कुकरची शिटी, गल्लीतल्या भंगारवाल्याची हाळी, सगळं वेचून बाहेर काढतो. तांदूळ निवडावेत तसं हे काम तो संध्याकाळी करत बसतो.

यंदा एप्रिलात तो जुना कॉम्प्युटर गेला. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा त्यातला आवाज बोलता बोलता एका अक्षरावर अडकला, तेच अक्षर घोकत राहिला आणि गप्प झाला. प्रीतमनं सगळी बटणं दाबून पाहिली. त्या शांततेत त्याला पहिल्यांदा कळलं, की घरात इतकी वर्षं आपल्याशी सगळ्यात जास्त बोलत होतं ते हेच.

नवीन घ्यायला तो वडिलांबरोबर टिळक रोडवरच्या दुकानात गेला. वडील देवमन एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. दुकानदार जीवन हौसेनं दाखवू लागला. काचेची खिडकी, आत फिरणारे रंगीत दिवे, मोठा पडदा.

"जीवनभाऊ," प्रीतम म्हणाला, "मले दिवे दिसत नाई, पडदा दिसत नाई. मंग त्याचे पैसे मी कावून देऊ?"

जीवन हसला, पण त्यालाही ते पटलं. त्याच्याकडे तयार मिळणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरची निम्मी किंमत डोळ्यांसाठी होती. प्रीतमनं तिथंच ठरवलं, सुटे भाग घ्यायचे आणि आपल्या हातानं जोडायचे.

हे ऐकून देवमन गप्प बसले. एरवी ते गप्प बसणारे नव्हेत. प्रीतम लहान असताना त्यांनीच त्याला कार्यशाळेत नेऊन इंजिनाचे भाग हातात दिले होते. हा नट, हा वॉशर, हा झिजलेला, हा नवा. पोरगा बोट फिरवून आटा किती गेला ते सांगायचा आणि देवमन सगळ्या डेपोत सांगत सुटायचे, "माह्या पोराच्या बोटाले डोळे आहेत." त्या एका वाक्यावर प्रीतम मोठा झाला म्हटलं तरी चालेल.

भाग निवडायला त्याला मदत केली अमरावतीच्या शेखरनं. राजापेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळख झाली, भेट कधी नाही, पण आवाजाची मैत्री पक्की. रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"प्रोसेसर आवडला म्हणून घेतला, असं नाई चालत," शेखर समजावायचा. "तो मदरबोर्डावरच्या सॉकेटमधे बसला पाह्यजे. कंपनी एकच असली तरी दरवेळी सॉकेट बदलते. मंग रॅम. जुन्या पिढीची रॅम नव्या बोर्डात जातच नाई, खाच दुसरीकडं असते. मंग बोर्डाचा आकार पेटीत मावला पाह्यजे. आन वीज देणारा डबा स्वस्तातला घेऊ नको, थो मरतानी दुसऱ्यालेही घेऊन मरते."

प्रीतमनं एक हुशारी केली होती. ज्या प्रोसेसरात चित्र काढायची सोयच नाही तो स्वस्त मिळतो, तर तोच घ्यावा. आपल्याला चित्र कशाला?

"नको," शेखर म्हणाला. "काही बोर्ड असे असतात, चित्राची सोय सापडली नाई का सुरूच होत नाई."

"म्हणजे ज्याले पडदा नको, त्याच्याही कॉम्प्युटरले पडद्याची सोय लागते?"

"लागते बावा. त्यानं थोडंच पाह्यलं, मालक कोण आहे?"

दोघंही पोट धरून हसले. हळूहळू जुळणी ठरली. एकमेकांना मानवणारे सगळे भाग, एकही फुकटचा दिवा नाही. शेवटी शेखरनं बजावलं, "एक ध्यानात ठेव. सॉकेटमधे केसाहून बारीक पिना असतात, हजाराच्या वर. झाकण उघडल्यावर तिथं हात लावायचा नाई. तू सगळं हातानं पाहते, पण थे नाई पाहायचं. कडेच्या चौकटीवर बोट ठेव, प्रोसेसरची खाच जुळव आणि सोडून दे. दाबायचं नाई."

मेमधल्या एका बुधवारी सामान घरी आलं. प्रीतमनं प्रत्येक खोका उघडला, प्रत्येक वस्तू हातात घेतली, फक्त सॉकेटचं झाकण तेवढं उघडलं नाही. शनिवारी इतर कामं होती, रविवार मोकळा, तेव्हा जोडायचं. आई दुर्गाबाईंनी सगळं सामान दिवाणावर चादर अंथरून नीट मांडलं आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकडे फिरकू दिलं नाही.

रविवारी सकाळी आंघोळ करून प्रीतम टेबलाशी बसला. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. देवमन मागे खुर्चीवर. प्रीतमनं बोर्ड समोर घेतला, कडा मोजल्या, सॉकेटची दांडी सापडली. दांडी मोकळी केली, पत्र्याची चौकट झाकणासकट वर उचलली. आता डाव्या हाताचं बोट कडेच्या चौकटीवर ठेवून खाच शोधायची होती. ठेवलं. सरकवलं. आणि घामानं ओलं झालेलं बोट कडेवरून घसरून एका कोपऱ्यात आत गेलं.

क्षणभरच. पण ब्रेल वाचणाऱ्या बोटाला क्षण पुष्कळ होतो. शेखरनं सांगितलं होतं, पिना एकसारख्या ओळीत असतात. इथं ओळ नव्हती. शेतात ढोर शिरून बांधाकडच्या पिकाच्या ओळी तुडवून जावं तसं काहीतरी तिथं झोपलेलं, गुंतलेलं होतं.

प्रीतमनं हात उचलला तो हवेतच राहिला.

"बाबा," तो म्हणाला. "पाहा बरं. कोपऱ्यात पाहा."

देवमन उठले, वाकले.

"वाकल्या आहेत," ते म्हणाले.

"माह्यानच झालं," प्रीतम म्हणाला. "माह्या बोटानं."

देवमन काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर घरात जे झालं ते दुर्गाबाईंना अजून नीट सांगता येत नाही. पोरगा रडला नाही, चिडला नाही. सॉकेटचं झाकण लावून तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर पालथे टाकून. दुपारी जेवायला वाढलं तर म्हणाला, "आई, चमचा दे." वरण-भात चमच्यानं खाणारा माणूस या घरात कधी जन्मला नव्हता. दुर्गाबाई चमचा घेऊन उभ्याच राहिल्या.

"हाताले लागलं का रे?"

"नाई. दे तू."

मग ते वाढतच गेलं. भिंतीला हात न लावता चालायचा आणि दाराला आपटायचा. कार्यालयात टेलिफोनच्या बटणांवर बोट ठेवण्याआधी थबकायचा, दोनदा चुकीचा फोन जोडला. ब्रेलचं पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली आणि मिटलं. आपण वाचतोय की टिंबं मोडतोय, असं त्याला वाटू लागलं होतं. ज्या बोटांच्या भरवशावर तो शाळा शिकला, नोकरीला लागला, तीच बोटं आता परक्याची झाली होती.

मुलांचे फोन येत. "सर, इतिहासाचा पुढचा भाग कधी पाठवता?" तो म्हणे, "थोडं थांबा."

देवमन हे सगळं बघत होते. एकदा म्हणाले, "दुसरा बोर्ड आणू. पैसे मी देतो."

"कायले?" प्रीतम म्हणाला. "थोही मोडीन."

देवमन उठून बाहेर गेले. फटफटी पुसत बसले. त्या दिवसांत ती फटफटी इतकी चमकत होती, की शेजारचे विचारू लागले, विकायला काढली का.

शेखरचे फोन प्रीतमनं घेतले नव्हते. शेवटी दुर्गाबाईंनीच घेतला आणि काय झालं ते सांगितलं. शेखर म्हणाला, "काकू, त्याले सांगा, फेकू नको. घेऊन ये. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, बऱ्याच वेळा सरळ होतात."

प्रीतम कसाबसा तयार झाला. शनिवारी दोघं बापलेक एसटीनं निघाले. बसमध्ये बसताना प्रीतमनं खोका वडिलांकडे दिला.

"तुमी धरा. माह्या हाताचा भरवसा नाई."

देवमननी खोका घेतला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. उन्हाचा भपकारा खिडकीतून आत येत होता.

शेखरचा आवाज फोनवर होता त्याहून तरुण निघाला. त्यानं प्रीतमचा हात धरून खुर्चीपर्यंत नेलं, "काकाजी, तुमी इथं बसा," म्हणून देवमनना स्टूल दिलं आणि बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. आधी तो शिटी वाजवत होता. मग शिटी थांबली.

"प्रीतम, तुहं बोट किती लागलं होतं?"

"जरासं. एका कोपऱ्यात."

"मंग हे तुह्यानं नाई झालं."

प्रीतमला वाटलं, हा आपली समजूत काढतोय. "मले बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"अरे, बरं वाटाले कायले सांगू! ऐक. बोट पडलं तर पिना जागच्या जागी दबतात. ह्या ओढल्या गेल्या आहेत. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूले. फडकं फिरवल्यावर होते तसं." चिमट्याचा बारीक आवाज झाला. "आन हे पाहा, दोरा अडकला आहे. सुती. कोणीतरी कापडानं पुसलं याले. दुकानदारानं वापरलेला बोर्ड गळ्यात मारला तुह्या."

"पाकीट मी फोडलं, सील मी काढलं," प्रीतम म्हणाला. "झाकण जसंच्या तसं होतं."

"मंग घरी आल्यावर. दोऱ्याले तेल आहे थोडं. थांब, हात पुढं कर."

प्रीतमनं हात मागे घेतला. शेखरनं चिमटाच त्याच्या नाकाजवळ आणला. "वास घे."

एवढासा दोरा. वास जेमतेम होता, पण प्रीतमला शोधावा लागला नाही. जळक्या इंजिन ऑइलचा आणि रॉकेलचा वास. लहानपणी संध्याकाळी दार उघडलं, की आधी हा वास घरात यायचा आणि मागून बाबा यायचे. तो वास अजूनही घरात होता, त्यांच्या खांद्यावरच्या फडक्यात.

मागे स्टूल किंचित सरकलं.

"बाबा?"

प्रीतम खुर्चीतच मागे वळला.

"बाबा, तुमी हात लावला होता?"

शेखरनं चिमटा खाली ठेवला.

"शुक्रवारी," देवमनचा आवाज आला. तो त्यांचा वाटतच नव्हता. "तू हापिसात होता. तुही माय मंडईत गेलती. मी म्हटलं, तेवढं एक नाजूक काम आपण करून ठेवू. मोबाईलवर पाह्यलं मी, कसं बसवतात थे. चौकट उघडली आन... घामाचा थेंब पडला रे. कपाळावरून. नेमका त्याच्यात. तीस वर्षांची सवय, खांद्यावरचं फडकं घेतलं आन पुसलं."

"आन झाकण लावून ठेवलं."

"मले वाटलं, काही झालं नाई. मले त्या पिना दिसल्याच नाई नीट, चष्मा नव्हता."

"पण रविवारी दिसल्या."

"हाव."

"माह्यासमोर वाकून पाह्यलं तुमी. मी म्हटलं, माह्यानच झालं. तवा?"

देवमन म्हणाले, "तोंडच उघडे ना. रोज सकाळी म्हणत होतो, आज सांगतो. तू चमच्यानं जेवून राहिला होता, मी पाहून राहिलो होतो."

प्रीतम उठून उभा राहिला. कुठं जायचं ते कळलं नाही, म्हणून तसाच उभा राहिला. राग आला नव्हता अजून. पायाखाली पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं होतं. बाबांनी चूक केली यानं तो हादरला नव्हता. आपण आपल्या हातांवर थुंकलो इतके दिवस, आणि हा माणूस बाजूच्या खुर्चीत बसून होता, यानं हादरला होता. आणि मग त्याहूनही खोलवरचं काहीतरी वर आलं.

"तुमी कावून लावला हात? मी सांगतलं होतं, मी जोडीन म्हणून."

"मले वाटलं..." देवमन अडखळले. "एवढं बारीक काम. मले वाटलं, तुले नाई जमत."

"डेपोत काय सांगत होते तुमी? सगळ्याइले?"

शेखर पाण्याचा ग्लास घेऊन आला. प्रीतमनं तो घेतला, पण प्यायला नाही. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "शेखर, होईन का नीट?"

शेखर मान खाली घालून कामाला लागला. दुपार सरेपर्यंत तो एकेक पिन सुईनं उचलून सरळ करत होता. देवमन बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. शेखरनं चाचणीसाठी आपला प्रोसेसर बसवून पाहिला. बोर्ड जिवंत झाला, पण अर्धा. एक पिन मुळातून तुटली होती, त्यामुळे रॅमच्या दोन खाचांपैकी एक मेली होती.

"तुह्या रॅमच्या दोन छोट्या पट्ट्या आहेत ना, त्या चालत नाई आता," तो म्हणाला. "त्या मले पाठवून दे, त्याच्या बदल्यात एक मोठी देतो. एकाच खाचेत. काम होते तुहं, थोडं हळू होते."

"हळू चालते," प्रीतम म्हणाला.

परतीच्या बसमध्ये खोका प्रीतमच्या मांडीवर होता. देवमन शेजारी बसले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा ते म्हणाले, "चहा घेतो का?" प्रीतम म्हणाला, "नाई." अकोला येईपर्यंत तेवढंच बोलणं झालं. घरी दुर्गाबाईंना प्रीतमनंच सगळं सांगितलं. त्या पदर तोंडावर धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. "चमचा मी आणून देत होती," त्या म्हणाल्या, "आन तुमी बसून राहिले?" त्या दिवशी त्यांनी देवमनना वाढलं, पण ताटाजवळ बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रीतम पुन्हा टेबलाशी बसला. देवमन नेहमीच्या खुर्चीकडे येताहेत असं चपलांच्या आवाजावरून कळलं, तेव्हा तो वळला नाही.

"बाबा, तुमी बाहेर बसा."

देवमन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

प्रीतमनं कपाळाला रुमाल बांधला, हात कोरडे केले, आणि बोट कडेच्या चौकटीवर ठेवून कितीतरी वेळ हललाच नाही. मग खाच सापडली. प्रोसेसर दोन कडांना धरून खाली नेला आणि सोडला. तो बसला. टक् असा आवाजही झाला नाही, नुसता हलायचा थांबला. दांडी लावताना करकर झाली, पण ती तशीच होते, हे शेखरनं सांगून ठेवलं होतं. पुढचं सोपं होतं. रॅम, पंखा, विजेच्या तारा. त्याची बोटं एकेक ठिकाणी जाऊन येत होती, आणि प्रत्येक वेळी जागा तीच निघत होती.

बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज मात्र नाही. यंत्र पहिल्यांदा सुरू होताना पडद्यावर काहीतरी विचारतं, आणि तेव्हा त्याला बोलता येत नाही, हे प्रीतमला ठाऊक होतं. त्यासाठीच घरातल्या टीव्हीची तार जोडून ठेवली होती. पडद्यावर काय आलंय ते कोणीतरी वाचायला हवं होतं. दुर्गाबाईंना इंग्रजी येत नव्हतं.

शेजारच्या कोणाला हाक मारता आली असती.

"बाबा," तो म्हणाला. "आत या. पडद्यावर काय आहे थे सांगा."

देवमन आले. चष्मा शोधला. इंग्रजी त्यांचं सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकलेलं, म्हणून एकेक अक्षर सुटं वाचू लागले. "पी... आर... ई... एस... एस. मंग एफ, एक." थांबले. "नाई, चुकलो. एफ दोन आहे. बरोबर पाहून सांगतो, थांब." खुर्ची पुढे ओढली गेली. "हाव, दोनच."

प्रीतमनं ते बटण दाबलं. दिवसभर असंच चाललं, बाप वाचत होता, मुलगा दाबत होता, कामाखेरीज एक शब्द नाही. संध्याकाळी यंत्र पहिल्यांदा बोललं, यांत्रिक बाईच्या आवाजात, भलत्याच वेगानं. दुर्गाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

त्या आठवड्यात इतिहासाचा पुढचा भाग मुलांना गेला. प्रीतम आता हातानं जेवतो. वडिलांशी बोलतो, पण जपून. खोलीला त्यानं कडी बसवून घेतली आहे. एखाद्या संध्याकाळी काम करता करता तो मध्येच थांबतो, आवाज बंद करतो आणि ओट्यावरून येणारी फटफटी पुसल्याची घसघस ऐकत राहतो. त्यानं वडिलांना माफ केलं का, असं शेखरनं एकदा फोनवर विचारलं.

"मले अजून समजूनच नाई राहिलं," प्रीतम म्हणाला, "का थो माणूस तितके दिवस बसला कसा."